हातचे राखून सांगणे : कामाच्या ठिकाणचे ज्ञानगोपन आणि संस्कृती
(कडेगाव व कृष्णाकाठच्या परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

संस्थेत काम करणारी व्यक्ती आपल्याजवळचे उपयुक्त ज्ञान सहकाऱ्याने मागूनही का देत नाही, हा व्यवस्थापनशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ज्ञानगोपनाची संकल्पना स्पष्ट करून, संस्कृतीचा या वर्तनावर कोणत्या मार्गांनी परिणाम होतो, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी बलुतेदारी, वतनदारी व घराणेपद्धती ही ऐतिहासिक उदाहरणे आणि गुऱ्हाळ, गलाई व्यवसाय, साखर कारखाना व महाविद्यालय ही परिसरातील कार्यक्षेत्रे विचारात घेतली आहेत. ज्ञान दडविणे हा केवळ व्यक्तीच्या स्वभावाचा दोष नसून, मान, हक्क आणि रोजगाराची शाश्वती ज्ञानाशी कशी जोडली गेली आहे, यावर ते अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ज्ञानगोपन, संघटनात्मक संस्कृती, सत्ता-अंतर, अंतर्गट, अव्यक्त ज्ञान.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत 'हातचे राखून सांगणे' असा एक अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. सांगणारा सांगतो, ऐकणाऱ्याला सांगितल्याचे समाधानही मिळते. परंतु कामाची नेमकी गोष्ट सांगणाऱ्याच्याच हातात राहते. याच भाषेत 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आहे आणि दिल्याने विद्या वाढते हा संस्कारही आहे. एकाच समाजाने या दोन्ही गोष्टी जपल्या आहेत. त्यामुळे 'आपली संस्कृती ज्ञानदानाची आहे' किंवा 'आपल्या लोकांना सांगायची सवयच नाही' ही दोन्ही विधाने अपुरी ठरतात. मूठ कोणत्या परिस्थितीत झाकली जाते आणि कोणत्या परिस्थितीत उघडते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. एखादा अनुभवी कर्मचारी निवृत्त होतो आणि त्याच्या जाण्यानंतर विभागाचे काम काही महिने अडखळते, हा अनुभव कारखाना, बँक, पतसंस्था, शासकीय कार्यालय आणि महाविद्यालय या सर्वांना परिचित आहे. यंत्र जुने झाले तर त्याची नोंद घसारा म्हणून ताळेबंदात होते. माणसाबरोबर निघून गेलेल्या ज्ञानाची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही.

२. ज्ञानगोपन : संकल्पना व प्रकार

ज्ञान न देण्याच्या सर्वच कृतींना ज्ञानगोपन म्हणता येत नाही. कॅथरीन कॉनेली, डेव्हिड झ्वाइग, जेन वेबस्टर आणि जॉन ट्रोगाकोस या कॅनडातील अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या संकल्पनेची काटेकोर व्याख्या केली. दुसऱ्या व्यक्तीने मागितलेले ज्ञान हेतुपुरस्सर रोखून धरण्याचा किंवा लपविण्याचा प्रयत्न म्हणजे ज्ञानगोपन होय. या व्याख्येत 'मागणी' आणि 'हेतू' हे दोन घटक निर्णायक आहेत. कोणी विचारलेच नाही म्हणून न सांगणे, किंवा स्वतःलाच ठाऊक नसल्यामुळे न सांगणे, हे ज्ञानगोपन नव्हे.

या अभ्यासकांनी ज्ञानगोपनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार टाळाटाळीचा. 'सांगतो की, जरा हातातले काम होऊ द्या' असे म्हणून वेळ मारून नेणे, किंवा अर्धवट माहिती देऊन बोळवण करणे, हे त्याचे रूप. दुसरा प्रकार अज्ञानाचे सोंग घेण्याचा. 'ते आमच्या टेबलाकडे नसते, मला त्यातले काही ठाऊक नाही' हे वाक्य अनेक कार्यालयांत ऐकू येते. तिसरा प्रकार कारण देऊन नकार देण्याचा. 'साहेबांच्या परवानगीशिवाय ही फाइल दाखवता येत नाही' असे येथे सांगितले जाते. पहिल्या दोन प्रकारांत फसवणुकीचा अंश असतो. तिसऱ्यात तो असेलच असे नाही, कारण दिलेले कारण खरेही असू शकते.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये 'अव्यक्त ज्ञान' या कल्पनेची सविस्तर मांडणी केली. माणसाला जेवढे शब्दांत सांगता येते त्यापेक्षा अधिक ठाऊक असते, हे तिचे सार. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये याच कल्पनेच्या आधारे जपानी उद्योगांतील ज्ञाननिर्मितीचे विवेचन केले. जे ज्ञान हाताला व नजरेला असते पण शब्दांत उतरत नाही, ते न सांगणाऱ्यावर 'लपवाछपवी'चा आरोप करणे अन्यायाचे आहे. त्याच वेळी, 'हे सांगून येत नाही, अनुभवानेच येते' हे वाक्य ज्ञान दडविण्यासाठी सोयीची ढालही ठरू शकते. या दोहोंतील सीमारेषा ओळखणे हेच व्यवस्थापनापुढील अवघड काम आहे.

३. संस्कृतीचा परिणाम : तीन मार्ग

गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात मिळालेल्या माहितीच्या आधारे १९८० मध्ये राष्ट्रीय संस्कृतीची परिमाणे मांडली. ज्ञानगोपनाच्या संदर्भात त्यांतील दोन परिमाणे विशेष उपयोगी आहेत.

पहिले परिमाण सत्ता-अंतर. संस्थेतील सत्तेची विषम विभागणी कनिष्ठांनी कितपत स्वाभाविक मानली आहे, याचे ते माप आहे. या निर्देशांकावर भारताचे मूल्य ७७, अमेरिकेचे ४० आणि डेन्मार्कचे १८ आहे. सत्ता-अंतर मोठे असते तेथे माहिती वरून खाली आज्ञेच्या रूपाने आणि खालून वर अहवालाच्या रूपाने प्रवास करते. आडवा प्रवाह क्षीण राहतो. कनिष्ठाने वरिष्ठाला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा, तर वरिष्ठाने कनिष्ठाला विचारणे हा कमीपणा ठरतो. वरिष्ठाला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे कनिष्ठाला दिसत असते, तरी 'साहेबांना कसे सांगायचे' या संकोचाने तो गप्प बसतो. बाहेरून हे ज्ञानगोपन वाटते; आतून तो शिष्टाचार असतो.

दुसरे परिमाण व्यक्तिवाद आणि समूहवाद यांचे. भारताचे मूल्य येथे ४८, म्हणजे मध्याच्या जवळ आहे. केवळ या आकड्यावरून फारसे हाती लागत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोब प्रकल्पाच्या ६२ समाजांच्या अभ्यासात समूहवादाचे दोन भाग पाडले गेले : संस्थात्मक समूहवाद आणि अंतर्गटाचा समूहवाद. यांपैकी दुसऱ्या भागात, म्हणजे कुटुंब व निकटच्या गटावरील निष्ठेत, भारताचे स्थान वरचे आहे. आपल्याकडील ज्ञानव्यवहाराची किल्ली येथे सापडते. आपला समाज ज्ञान सरसकट दडवीत नाही. 'आपल्या माणसाला' तो भरभरून सांगतो आणि 'परक्या'ला हातचे राखून सांगतो. त्यामुळे सहकारी 'आपला' की 'परका' हे कशावरून ठरते, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. भावकी, गाव, जात, गट, एकाच वेळी झालेली नेमणूक, अशा अनेक रेषा संस्थेच्या अधिकृत आराखड्यावर आडव्या-उभ्या पडलेल्या असतात.

तिसरा मार्ग प्रतिष्ठेचा आहे. सर्वांसमोर चूक निघणे, 'एवढेही येत नाही' असे म्हटले जाणे, याची भीती दोन्ही बाजूंनी काम करते. विचारणारा विचारत नाही आणि सांगणारा, आपले सांगणे चुकले तर काय, म्हणून सांगत नाही. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये मांडलेली 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना येथे उपयोगी पडते. प्रश्न विचारल्यामुळे किंवा चूक कबूल केल्यामुळे आपला अपमान होणार नाही, असा विश्वास ज्या गटात असतो तो गट अधिक शिकतो.

राष्ट्रीय सरासरीच्या या मापनाला मर्यादा आहेत. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये हॉफस्टेड यांच्या पद्धतीवर घेतलेले आक्षेप प्रसिद्ध आहेत. एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरून संपूर्ण राष्ट्राची संस्कृती सांगता येईल काय, हा त्यांतील मुख्य प्रश्न. भारतासारख्या देशात जात, लिंग, प्रदेश आणि भाषा यांनी घडविलेले अंतर एका आकड्यात मावत नाही. म्हणूनच आकड्यांपलीकडे जाऊन आपल्या इतिहासाकडे पाहणे आवश्यक ठरते.

४. महाराष्ट्रातील ऐतिहासिक पार्श्वभूमी

जुन्या गावगाड्यात ज्ञान ही व्यक्तीची नव्हे तर घराण्याची व जातीची मालमत्ता होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णिलेल्या व्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार इत्यादी कारूंचे कसब वंशपरंपरेने चाले. ते कसब हाच बलुत्याच्या हक्काचा आधार होता. अशा व्यवस्थेत कसब बाहेर देणे म्हणजे आपल्या मुलाबाळांचा हक्क वाटून टाकणे होय. त्यामुळे ज्ञान राखणे हा त्या काळी दुर्गुण नव्हता. ते कुटुंबाचे कर्तव्य होते.

वतनदारीत याच गोष्टीला सत्तेचे रूप आले. गावाचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे आणि ते मोडी लिपीत असे. जमिनीची नोंद, सारा, कर्ज यांचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याच्यापुढे निरक्षर रयत असहाय होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ च्या 'ब्राह्मणांचे कसब' या पोवाड्यात आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या असहायतेची कारणमीमांसा केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला. आजच्या परिभाषेत सांगायचे तर, दप्तराचे ज्ञान घराण्याकडून पदाकडे हस्तांतरित करण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्रात ज्ञानगोपनाचा प्रश्न सामाजिक न्यायाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, तो या कारणाने.

या इतिहासाला एक उत्तरार्धही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडीचा व्यवहारातील वापर जवळजवळ संपला. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचू शकणाऱ्या व्यक्तींची कमतरता सर्वत्र जाणवली. एके काळी मूठभरांनी राखलेले ज्ञान पुढे मूठभरांच्याच हाती उरले आणि त्याची गरज मात्र लाखो कुटुंबांना पडली. ज्ञान काही हातांतच ठेवल्याची किंमत कधी कधी शतकानंतर मोजावी लागते.

संगीताच्या क्षेत्रात घराणेपद्धतीने हेच चित्र वेगळ्या रीतीने उभे केले. घराण्याची बंदिश ही ठेव मानली जाई; ती पुत्राला किंवा गंडाबंध शिष्याला मिळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी अपार कष्ट सोसून, गुरुगृही सेवा करून ग्वाल्हेर घराण्याची गायकी आत्मसात केली आणि ती महाराष्ट्रात आणली. धार्मिक क्षेत्रातही दोन्ही प्रवाह दिसतात. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले, तर तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सर्वांसमोर ठेवला.

५. कडेगाव परिसरातील तीन कार्यक्षेत्रे

पूर्वीच्या खानापूर तालुक्यातून वेगळा झालेला कडेगाव तालुका हा कृष्णाकाठचा ऊसपट्टा आणि पूर्वेकडील दुष्काळी पट्टा यांच्या सांध्यावर आहे. या भूगोलाने घडविलेल्या तीन व्यवसायांतून ज्ञानव्यवहाराचे तीन वेगवेगळे नमुने मिळतात.

पहिला नमुना गुऱ्हाळाचा. गुऱ्हाळावरील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे गुळव्या. काहिलीतील रस उकळत असताना भेंडीचा चिकट रस घालून मळी केव्हा काढायची, जाळ केव्हा कमी करण्यास जळव्याला सांगायचे, आणि पाक वाफ्यात केव्हा ओतायचा, हे तो ठरवितो. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून होणारी गोळी पाहणे, बुडबुड्यांचा आकार व वास यांवरून अंदाज घेणे, ही त्याची साधने. काही क्षणांचा फरक पडला तरी ढेपेचा रंग व टिकाऊपणा बदलतो. हे ज्ञान प्रामुख्याने अव्यक्त आहे. ते पुस्तकात लिहून पूर्ण देता येत नाही, शेजारी उभे राहूनच घ्यावे लागते. म्हणून येथे खरा प्रश्न असा की, गुळव्या आपल्या शेजारी कोणाला उभे राहू देतो?

दुसरा नमुना गलाईचा. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या तालुक्यांतील हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त भारताच्या कानाकोपऱ्यांतील शहरांत स्थायिक झाली आहेत. दुष्काळी शेतीने गावाबाहेर ढकललेल्या या लोकांनी मूस, भट्टी आणि तेजाब यांच्या साहाय्याने दूरदूरच्या सराफ बाजारांत आपले स्थान निर्माण केले. या व्यवसायाचा प्रसार नात्यागोत्यातून झाला. गावाकडचा मुलगा चुलत्याच्या किंवा मामाच्या दुकानी हाताखाली राहतो, भट्टी सांभाळता सांभाळता धातू ओळखायला शिकतो आणि काही वर्षांनी दुसऱ्या बाजारपेठेत स्वतःचे दुकान थाटतो. येथे ज्ञान अत्यंत उदारपणे दिले जाते; स्वतःचा भावी प्रतिस्पर्धी होऊ शकेल अशा मुलाला दिले जाते. परंतु ही उदारता भावकी आणि गाव यांच्या वर्तुळातच राहते. मौल्यवान धातूचा व्यवहार विश्वासावर चालतो आणि परक्या मुलखात विश्वासाची हमी गावाकडचे नातेच देऊ शकते. चूक करणारा मुलगा दुकानातून पळाला तरी गावातून पळू शकत नाही. अंतर्गटाच्या समूहवादाचे इतके स्वच्छ उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल. वर्तुळाच्या आत ज्ञानदान आणि बाहेर ज्ञानगोपन हे एकाच वृत्तीचे दोन पैलू आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

तिसरा नमुना सहकारी साखर कारखान्याचा. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म याच तालुक्यातील देवराष्ट्रे येथे १९१३ मध्ये झाला आणि त्यांच्या कारकिर्दीत सहकाराला कायद्याचे भक्कम अधिष्ठान मिळाले. तालुक्यात वांगी येथे सोनहिरा साखर कारखाना उभा राहिला. साखर कारखान्यात, तो कोणताही असो, ज्ञानाचे तीन थर असतात. प्रयोगशाळेतील केमिस्टचे ज्ञान लिखित व पदवीने प्रमाणित असते. पॅनमनचे ज्ञान हाताचे असते. पॅनमधील नमुना काचेवर घेऊन दाण्याची वाढ पाहणे, बोटांमध्ये तार धरून पाकाचा अंदाज घेणे, हे तो अनुभवाने शिकलेला असतो. शेती विभागातील कर्मचाऱ्यांचे ज्ञान सामाजिक असते. कोणाचा ऊस कोणत्या तारखेचा, तोडणीची पाळी कोणाची, कोणती टोळी कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असते.

या तीन थरांत ज्ञानगोपनाची कारणे वेगवेगळी आहेत. पॅनमनला आपले कसब पदवीधराला सांगून आपले महत्त्व कमी होईल अशी शंका वाटू शकते; पदवीधराला पॅनमनला विचारणे कमीपणाचे वाटू शकते. पाळीची माहिती तर प्रत्यक्ष सत्ता आहे, कारण ऊस उशिरा तुटला की वजन घटते आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. त्यातच अनेक कामगार हंगामी असतात. पुढील गळीत हंगामात आपल्याला पुन्हा बोलावले जाईल काय, याची शाश्वती नसणाऱ्याने आपले कसब दुसऱ्याला शिकवावे, ही अपेक्षा नीतिशास्त्राला धरून असली तरी व्यवहाराला धरून नाही.

६. मूठ उघडण्याची परंपरा

संस्कृती बदलत नाही, असा निराशावादी निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मूठ उघडण्याची दोन ठळक उदाहरणे याच भूभागाने दिली आहेत.

पहिले उदाहरण पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकलेले पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, स्वरलेखन, परीक्षा आणि पदवी या साधनांनी त्यांनी घराण्याबाहेरच्या मुलामुलींना संगीताचे दार उघडून दिले. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी देशभर फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या आणि स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. घराण्यांची मिरासदारी मोडली, परंतु गायकी नष्ट झाली नाही. बंदिश छापल्यानंतरही ती गावी कशी, हे शिकण्यासाठी गुरूची गरज राहिलीच. 'सांगितले तर माझे महत्त्व संपेल' या भीतीला याहून चांगले उत्तर नाही. लिखित ज्ञान बाहेर गेल्याने अव्यक्त ज्ञानाचा मान उलट वाढतो.

दुसरे उदाहरण कडेगावच्या शेजारचे, किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल गावाजवळच्या माळरानावर कारखाना उभारला. परिसरात औद्योगिक कामाची परंपरा नव्हती. गावाकडून आलेल्या, यंत्र न पाहिलेल्या माणसांना हाताशी धरूनच लोखंडी नांगर घडवावा लागला. तेथे ज्ञान जातीच्या किंवा घराण्याच्या चौकटीत ठेवणे परवडणारेच नव्हते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' सुरू झाली. कारखान्याचे मुखपत्र म्हणून जन्मलेले हे नियतकालिक पुढे महाराष्ट्राच्या विचारजीवनाचा भाग झाले. कारखान्यातील माहिती छापून सर्वांच्या हाती देण्याजोगी आहे, ही कल्पनाच त्या काळात नवी होती. याच कारखान्याच्या नांगरांचा प्रचार करीत काही काळ फिरलेल्या भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे.

या दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. पलुस्करांनी किंवा किर्लोस्करांनी लोकांना केवळ 'उदार व्हा' असा उपदेश केला नाही. त्यांनी ज्ञान देणाऱ्याला नवा मान आणि नवी उपजीविका दिली : संगीतशिक्षकाचे पद, कारागिराची नोकरी. प्रतिष्ठा राखणाऱ्याकडून देणाऱ्याकडे सरकली, म्हणून मूठ उघडली.

७. महाविद्यालयाच्या संदर्भात

ज्ञानदान हेच ज्या संस्थेचे कार्य, तेथे ज्ञानगोपन कमी असावे अशी अपेक्षा असते. वर्गात ती बहुधा पूर्ण होते. प्रश्न वर्गाबाहेरचा आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यापीठाशी होणारा पत्रव्यवहार, नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे, संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिण्याची रीत, अशा अनेक बाबी एकेका व्यक्तीच्या हाती असतात. ती व्यक्ती रजेवर गेली की काम थांबते आणि ते थांबल्यामुळेच तिचे महत्त्व सर्वांना पटते. अशा रीतीने ज्ञानगोपनाला नकळत बक्षीस मिळत राहते.

मूल्यमापनाची पद्धतही येथे विचारात घ्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांपासून शिक्षकाचे कार्य वैयक्तिक गुणांत मोजले जाऊ लागले. बहुलेखकी शोधनिबंधाचे गुण लेखकांत विभागले जातात; सहकाऱ्याचा निबंध वाचून त्याला उपयुक्त सूचना केल्याचे गुण कोठेच मिळत नाहीत. जे मोजले जाते ते वाढते आणि जे मोजले जात नाही ते सद्गुणावर सोडून दिले जाते.

सर्वांत गंभीर बाब तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांची आहे. संगणकीय कामे, अहवाल, विविध समित्यांची कागदपत्रे यांचा मोठा भार अनेकदा याच तरुण सहकाऱ्यांवर असतो. त्यांच्या हातात सेवेची शाश्वती नसते; असते ते केवळ 'हे काम यालाच येते' हे वाक्य. ते वाक्य त्यांनी जपून ठेवले तर दोष त्यांचा की व्यवस्थेचा? दुसऱ्या बाजूने, कायम सेवेतील ज्येष्ठांनी प्रस्ताव, मार्गदर्शन आणि ओळखी आपल्याच वर्तुळात ठेवल्या, तर पहिल्या पिढीतील शिक्षकाला त्या कोठून मिळणार? ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्याच्यासाठी सहकाऱ्याने न सांगितलेली एक अंतिम तारीख म्हणजे गमावलेले एक वर्ष असते.

ज्ञानगोपनाचा तोटा दडविणाऱ्यालाही होतो. मातेय चेर्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्ञान दडविणाऱ्याबद्दल सहकाऱ्यांत अविश्वास निर्माण होतो, तेही त्याच्यापासून ज्ञान दडवू लागतात आणि परिणामी त्याची स्वतःची सर्जनशीलता घटते. जेथे परस्परांतील चढाओढीपेक्षा कामातील प्रावीण्याला महत्त्व असते, तेथे हा दुष्परिणाम सौम्य होतो, हेही त्या अभ्यासाने दाखविले.

८. एक आवश्यक मर्यादा

सर्व ज्ञान सर्वांना खुले असावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. प्रश्नपत्रिकेची गोपनीयता, विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती, रुग्णाची नोंद, सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेली अडचण या गोष्टी राखणे हे कर्तव्यच आहे. दुर्बल समूहाचे कसब बलवानाने फुकट उचलू नये म्हणून त्याचे संरक्षणही न्याय्य असते. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन हे अशा सामूहिक संरक्षणाचे उदाहरण आहे. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यनिर्मितीकडे वळून ही कला वाढविली; तिच्या नावाचा हक्क त्यांच्याकडे राहणे योग्यच आहे. कसोटी अशी : राखलेल्या ज्ञानाने कोणाचे रक्षण होते आणि कोणाची अडवणूक होते? तलाठ्याचे दप्तर आणि कारागिराचे कसब यांना एकच न्याय लावता येणार नाही.

शासनव्यवहारात ही कसोटी कायद्याने मान्य केली आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या वृत्तीत वाढलेल्या प्रशासनाला महाराष्ट्राच्या २००२ च्या आणि केंद्राच्या १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आलेल्या माहिती अधिकार कायद्याने वेगळे वळण दिले. केंद्रीय कायद्याचे कलम ४ विशेष महत्त्वाचे आहे, कारण कोणी मागण्यापूर्वीच माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन ते घालते. मात्र हा कायदा कागदावरील माहिती मिळवून देतो; माणसाच्या डोक्यातील ज्ञान मिळवून देऊ शकत नाही. तेथे संस्थेची संस्कृतीच कामी येते.

९. उपाययोजना

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना करता येतात.

(१) शिकविण्याला मान द्यावा. सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर, त्या व्यक्तीने कोणाला काय शिकविले याचा उल्लेख व्हावा. निवृत्तीपूर्वी किमान सहा महिने एक सहकारी तिच्या शेजारी 'उभा' असावा; गुळव्याच्या शेजारी उभे राहण्याची रीत कार्यालयातही उपयोगी आहे.

(२) लिहिता येण्याजोगे ज्ञान लिहून ठेवावे. प्रत्येक विभागाची कार्यपद्धती सांगणारी मराठीतील साधी वही हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

(३) असुरक्षिततेचे निराकरण करावे. हंगामी कामगाराला किंवा तासिका तत्त्वावरील शिक्षकाला ज्ञान वाटण्याचे आवाहन करण्यापूर्वी, वाटल्याने त्याचे नुकसान होणार नाही याची हमी संस्थेने द्यावी.

(४) वरिष्ठांनी प्रथम विचारावे. प्रा. जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडलेले, जिव्हाळा आणि कामाचा आग्रह यांचा मेळ घालणारे नेतृत्व भारतीय परिस्थितीला मानवते. घरातील वडीलधाऱ्याप्रमाणे आस्था असणाऱ्या प्राचार्याने वा अधिकाऱ्याने 'हे मला ठाऊक नाही, समजावून सांगा' असे एकदा सर्वांसमोर म्हटले, तर सत्ता-अंतराची भिंत परिपत्रकापेक्षा लवकर खाली येते.

(५) 'आपल्या माणसां'चे वर्तुळ मोठे करावे. अंतर्गटाची निष्ठा उपदेशाने नष्ट होत नाही. ती विस्तारता येते. वेगवेगळ्या विभागांतील, वयोगटांतील व सामाजिक स्तरांतील व्यक्तींना एका जबाबदारीवर एकत्र नेमल्यास सहकारी हळूहळू आपला होतो.

१०. निष्कर्ष

ज्ञानगोपन हा संस्कृतीने दिलेला अटळ वारसा नाही. आपल्या संस्कृतीत झाकलेली मूठ आहे आणि उघडा हातही आहे. कसब हाच हक्क असलेल्या बलुतेदाराने, पाळीची शाश्वती नसलेल्या हंगामी कामगाराने आणि 'यालाच येते' या वाक्यावर टिकून असलेल्या तरुण शिक्षकाने मूठ झाकली, तर त्यामागे भीती आहे. सुरक्षित आसनावर बसून दुसऱ्याची वाट अडविण्यासाठी झाकलेल्या मुठीमागे सत्ता आहे. पहिल्या प्रकाराला शाश्वतीचे आणि दुसऱ्याला नियमाचे उत्तर द्यावे लागते. दोन्हींना एकच उपदेश करून भागत नाही. गलाईच्या भट्टीजवळ चुलत्याने पुतण्याला जे विनासंकोच शिकविले, ते नात्याबाहेरच्या सहकाऱ्याला शिकविण्याइतका विश्वास आपल्या संस्था निर्माण करू शकतील काय, या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांचे भवितव्य अवलंबून आहे.